पियानोचं नोटेशन स्वतः वाचताना अडणारी चिन्हं

नवी_पट्टी:
नमस्कार मंडळी. हार्मोनियम आणि सा-रे-ग लिहायची भातखंडे लिपी येते. आता ८८ पट्ट्यांच्या डिजिटल पियानोवर स्टाफ नोटेशन स्वतःचं स्वतः शिकतो आहे. पाच रेघांवरचे सूर, मात्रा, शार्प-फ्लॅट (सूर एक पट्टी वर किंवा खाली) इथपर्यंत जमतं. अडतं ते सुरांभोवतीच्या बारीक खुणांपाशी. नावच माहीत नसल्यामुळे त्या शोधताही येत नाहीत. सध्या अडलेल्या या:

१. सुराच्या डोक्यावर टिंब. काही ठिकाणी अशी तीन-चार टिंबं एका कमानीखाली.
२. कमानी. काही दोनच सुरांत, काही तीन-तीन बार (उभ्या रेघांमधले भाग) लांब.
३. सुरावर छोटी नागमोडी रेघ. एकीला मधून उभा छेद आहे, दुसरीला नाही.
४. सुराआधी फुली.
५. सगळ्यात खाली ‘पेड’ असं वळणदार अक्षरांत आणि थोडं पुढे चांदणी.
६. ३ हा आकडा. कधी बोटाचा वाटतो, कधी नाही.
७. एका कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या) डावीकडे उभा चौकोनी कंस, वरच्या स्टाफपासून खालच्या स्टाफपर्यंत.

सगळी चिन्हं पाठ करावी लागतात, की ओळखायची काही रीत आहे?

काळीचार:
रीत आहे. आकार नंतर बघा, आधी जागा बघा. चिन्ह कुठे बसलंय यावरून ते कशावर चालतं हे बहुतेक वेळा कळतं.

डोक्याच्या डावीकडे असेल तर कोणती पट्टी दाबायची (शार्प, फ्लॅट, किंवा ते रद्द करणारा नॅचरल) किंवा कॉर्डची सुरुवात कशी करायची हे ते सांगतं. उजवीकडे असेल तर लांबी. डोक्याच्या अगदी वर किंवा खाली चिकटून असेल तर आघात कसा. दोन स्टाफच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात असेल तर आवाज लहान-मोठा, आणि तो दोन्ही हातांना. सर्वांत खाली पेडल. सर्वांत वर गती, सप्तकाची बदली आणि ‘इथून तिथे जा’ प्रकारच्या सूचना.

तुमचा पहिला प्रश्न यातच सुटतो. सुराच्या उजवीकडचं टिंब लांबी दीडपट करतं: दोन मात्रांचा सूर तीन मात्रांचा. डोक्यावरचं किंवा डोक्याखालचं टिंब म्हणजे स्टॅकाटो. सूर साधारण निम्मा वाजवून सोडायचा, उरलेला वेळ शांतता. पुढचा सूर मात्र आपल्या जागीच येतो. इथेच नवशिक्यांची लय धावते, कारण बोट लवकर उचललं की पुढचं बोटही लवकर पडतं.

तिस्रजाती:
काळीचार यांना अनुमोदन. फक्त एक अपवाद सांगतो. एका स्टाफवर दोन वेगळ्या ओळी चालू असतील, म्हणजे काही सुरांच्या काड्या वर आणि काहींच्या खाली, तर टिंबं डोक्याऐवजी काडीच्या टोकाकडे जातात. तेव्हा वरचं टिंब वरच्या ओळीचं, खालचं खालच्या ओळीचं.

नवी_पट्टी, भातखंडे लिपीतून येणाऱ्यांसाठी टिंब हा मोठा खड्डा आहे. तिथे सुरावरचं टिंब म्हणजे तार सप्तक, खालचं म्हणजे मंद्र. पलुस्कर लिपीत वरचं टिंब मंद्राचं. स्टाफवर टिंबाचा सप्तकाशी काहीच संबंध नाही. तिथे सप्तक रेघेच्या उंचीवरून कळतं. डोळ्याला मात्र सवय इतकी असते की टिंब दिसताच हात वर सरकतो.

नवी_पट्टी:
अगदी तेच होत होतं! आणि कमान दिसली की मींड आठवते.

तिस्रजाती:
मींड विसराच. पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधे सूरच नाही, मग सरकणार कशावरून? कमानीचे अर्थ दोन.

एकाच उंचीचे, लागोपाठचे दोन सूर, आणि कमान एका डोक्यापासून दुसऱ्या डोक्यापर्यंत: ही टाय. दुसरा सूर वाजवायचा नाही, धरून ठेवायचा. भातखंडे लिपीत ‘सा -’ लिहितो, तीच ती आडवी रेघ. कॉर्ड असेल तर प्रत्येक डोक्याला वेगळी टाय लागते. तीन सुरांच्या कॉर्डमध्ये दोनच टाय असतील तर तिसरा सूर पुन्हा वाजवायचा.

वेगवेगळ्या उंचीचे सूर असतील तर ती स्लर. सूर जोडून वाजवायचे: दुसरी पट्टी खाली गेल्यावर पहिली सोडायची आणि कमान संपते तिथे हात हलका उचलायचा. दोनच सुरांची स्लर असेल तर वजन पहिल्यावर, दुसरा हलका. सुरुवातीचा आणि शेवटचा सूर एकच असला तरी मधे दुसरे सूर असतील तर ती स्लरच.

स्वल्पविराम:
आता कमान आणि टिंब एकत्र. याला पोर्तातो म्हणतात. सूर ना तुटक ना जोडलेले. प्रत्येक सूर साधारण पाऊण लांबीचा, मऊ, आणि मधे किंचित श्वास. फसवी जागा ही: एकाच उंचीचे दोन सूर, वर कमान आणि दोन्हींवर टिंबं. ती टाय नाही. दोन्ही सूर वाजवायचे.

टिंबाऐवजी लहान आडवी रेघ असेल तर टेनुटो, सूर पूर्ण लांबीभर आणि थोडा वजनदार. टिंबाऐवजी उभी पाचर असेल तर आणखी आखूड. पण मोझार्ट-हायडनच्या काळातल्या रचनांत पाचर आणि टिंब यांतला फरक नेहमीच इतका काटेकोर नसतो. तिथे पाचर दिसली म्हणून पट्टीवर हातोडा मारू नये.

चौघडा:
इतकं सगळं वाचत बसण्यापेक्षा चांगलं ध्वनिमुद्रण लावा, समोर कागद धरा आणि बोट फिरवत ऐका. कानाने चिन्ह आपोआप उलगडतं. आपली सगळी गायकी अशीच शिकली जाते.

लाकडी_हातोडी:
@चौघडा, आदर राखून असहमत. ऐकून चिन्हाचा परिणाम कळतो, कारण कळत नाही. सूर लांब ऐकू आला तर तो बोटाने धरलाय की पेडलने, हे कान सांगू शकत नाही. शिवाय अनुभवी वादक रिपीट (पुन्हा वाजवायचे भाग) गाळतात, अलंकार स्वतःच्या पसंतीने बदलतात. नवशिक्याला वाटतं कागदच चुकला. आधी कागदावरून एकदा हळू वाजवा, मग किमान दोन वेगळे वादक ऐका. दोघांत सारखं आहे ते बहुधा कागदावरचं, वेगळं आहे ते वादकाचं.

चौघडा:
दोन वादकांची सूचना पटली. पण क्रम माझाच ठेवीन. लय कानात नसेल तर वाचलेलं चिन्ह मेलेलंच वाजतं.

लाकडी_हातोडी:
लयीपुरतं मान्य. पेडलसाठी नाही, आणि प्रश्न ५ पेडलचाच आहे.

‘पेड’ म्हणजे उजवा पेडल दाबा, चांदणी म्हणजे सोडा. नव्या छपाईत याऐवजी खाली आडवी रेघ असते: सुरुवातीला लहान उभी काडी म्हणजे दाबा, मधे उलट्या ‘व्ही’सारखं टोक म्हणजे सोडून लगेच पुन्हा दाबा, शेवटी काडी म्हणजे सोडा.

‘पेड’ बरोबर सुराखाली छापलेलं असतं म्हणून लोक सूर आणि पेडल एकाच क्षणी दाबतात. सलग वाजवताना ते चुकतं. आधीच्या कॉर्डचे सूर नव्यात मिसळून चिखल होतो. क्रम असा: नवी कॉर्ड हातांनी खाली जाते त्याच क्षणी पाय वर येतो, कॉर्ड वाजली की पाय पुन्हा खाली. बोटं खाली, पाय वर. मग पाय खाली. दोनच कॉर्ड घेऊन मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) ५० वर ठेवा: पहिल्या ठोक्याला कॉर्ड, दुसऱ्याला पाय खाली, तिसरा-चौथा धरून ठेवा, पुढच्या पहिल्याला नवी कॉर्ड आणि पाय वर. हे जमलं की पाय खाली जायची वेळ हळूहळू अलीकडे आणा.

डिजिटल पियानोसाठी दोन गोष्टी. पायाखालची साधी चौकोनी कळ बहुधा ‘चालू-बंद’ इतकंच ओळखते, अर्धा पेडल तिच्यावर होत नाही. आणि पाय उचलल्यावर सूर लांबत असतील, दाबल्यावर तुटत असतील, तर पेडलची दिशा उलटी वाचली गेली आहे. बऱ्याच मॉडेलांत पियानो चालू होताना पेडलची स्थिती तपासली जाते. बंद करा, पेडल जोडा, पाय बाजूला ठेवून मग चालू करा.

डावा पेडल वेगळा. त्याच्यासाठी ‘ऊना कॉर्दा’ असं इटालियन लिहितात, म्हणजे ‘एक तार’. सोडायची सूचना ‘त्रे कॉर्दे’, तीन तारा. ग्रँड पियानोत या पेडलने हातोड्यांची सगळी रांग बाजूला सरकते आणि हातोडी तीनऐवजी कमी तारांवर पडते. उभ्या पियानोत हातोड्या फक्त तारांच्या जवळ येतात.

मांडवीकाठ:
पेडलचा विषय निघालाच आहे तर ‘सॉर्दिनो’ शब्दाचं सांगतो, कारण शब्दकोश पाहून हमखास चूक होते. व्हायोलिनवाल्यांसाठी सॉर्दिनो म्हणजे आवाज दबवणारी चिमटी. बीथोव्हनने १८०१ मध्ये लिहिलेल्या सी शार्प मायनर सोनाटाच्या (ओपस २७, क्रमांक २) सुरुवातीला ‘सेन्झा सॉर्दिनो’ आहे. तिथे सॉर्दिनो म्हणजे तारांवर बसून सूर थांबवणारे डँपर. ‘डँपरशिवाय’ म्हणजे डँपर उचलून, म्हणजे उजवा पेडल दाबून! डाव्या पेडलशी त्याचा संबंध नाही. त्या काळच्या पियानोत सूर लवकर विरायचा. आजच्या पियानोवर पाय पूर्ण वेळ दाबून धरला तर सगळं एकमेकांत मिसळतं, म्हणून कॉर्ड बदलली की पेडल बदलतात.

अवांतर: गोव्यात जुन्या वाजवणाऱ्यांच्या तोंडी शार्पला ‘सुस्तेनीद’ आणि फ्लॅटला ‘बेमोल’ असे पोर्तुगीज शब्द असतात. चर्चच्या शाळांत सॉल्फेज, म्हणजे ‘दो रे मी’ म्हणत वाचन, पक्कं करून मगच वाद्य हातात देत. त्या पद्धतीत ‘दो’ म्हणजे नेहमी पांढरी एक, म्हणजे सी. आपल्या ‘सा’सारखा तो सरकत नाही. हार्मोनियमवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

नवी_पट्टी:
‘दो’ सरकत नाही हे लिहून ठेवलं. मग फुलीचं काय? फुली म्हणजे ‘सूर काढून टाका, वगळा’ असा अर्थ लावला होता.

काळीचार:
वगळायचा नाही, दोन पट्ट्या चढवायचा. फुली म्हणजे डबल शार्प. एफवर फुली असेल तर वाजते जी, म्हणजे पांढरी पाच.

‘मग सरळ जी का लिहीत नाहीत?’ हा पुढचा प्रश्न. आपल्या भाषेत सांगतो. काळी चारला सा माना. शुद्ध नी कुठे येतो? पांढरी पाच. आता स्टाफचा नियम असा की सप्तकातल्या प्रत्येक सुराला स्वतःची रेघ किंवा रेघांमधली जागा हवी. सा ‘जी’च्या जागेवर बसला (जी शार्प), म्हणजे नी त्याच्या आधीच्या जागेवर, ‘एफ’वर बसला पाहिजे. जी शार्प मायनरच्या सुरुवातीच्या शार्पांमुळे एफ आधीच एक पट्टी चढलेला असतो. शुद्ध नीसाठी तो आणखी एक चढवायचा. म्हणून फुली. डोळ्याला ‘नी-सा’ शेजारी दिसतं. जी लिहिला असता तर एकाच जागेवर एकदा नॅचरल आणि एकदा शार्प अशी धांदल झाली असती.

सोबत लक्षात ठेवा: मधेच आलेला शार्प, फ्लॅट किंवा फुली त्या बारपुरतीच आणि त्याच उंचीच्या सुरापुरती चालते. वरच्या सप्तकातल्या त्याच नावाच्या सुराला ती लागत नाही. बार ओलांडणारी टाय असेल तर धरलेला सूर मात्र तसाच राहतो. ओळीच्या सुरुवातीचे शार्प-फ्लॅट सगळ्या सप्तकांना लागतात.

वाटसरू_८८:
वाचनखूण साठवली. फुलीवाला खुलासा फार छान.

तिस्रजाती:
प्रश्न ६, माझ्या नावाचाच! ३ सुराच्या डोक्याशी सरळ उभा असेल तर तो बोटाचा (दोन्ही हातांचा अंगठा १, करंगळी ५). तिरक्या वळणाचा आणि तीन सुरांच्या जोडरेघेच्या मधोमध किंवा कंसात असेल तर ट्रिप्लेट: दोन सुरांच्या वेळात तीन. दादऱ्याचा ठेका एकेका ठोक्यात बसवल्यासारखं म्हणा.

दोन-तीन बारांनंतर हा ३ छापणं बंद करतात. ट्रिप्लेट संपलेली नसते. बारमधल्या मात्रा मोजा. तीन-तीनचे गट धरूनच बेरीज जमत असेल तर ट्रिप्लेट चालू आहे.

जुन्या ब्रिटिश छपाईचा कागद असेल तर बोटांचे आकडेही तपासा. त्यात अंगठ्याला अधिकचं चिन्ह आणि पुढच्या बोटांना १ ते ४ आकडे देत. ओळखायची खूण: पानभर कुठेही ५ नाही आणि सुरांवर अधिकची चिन्हं आहेत. अशा पानावरचा १ म्हणजे तर्जनी.

स्वल्पविराम:
आता प्रश्न ३, कारण त्याचं उत्तर कागदाच्या वयावर अवलंबून आहे.

छेद असलेली नागमोडी रेघ: सूर, त्याखालचा सूर, पुन्हा सूर. ‘सा’वर असेल तर सा-नी-सा, झटकन. यात फारसा वाद नाही. हा मॉर्डंट.

छेद नसलेली: एकोणिसाव्या शतकातल्या रचनांत सा-रे-सा. बाखच्या काळातल्या रचनांत मात्र ती छोटी ट्रिल (शेजारचे दोन सूर झटपट आलटून-पालटून) असते आणि वरच्या सुरापासून सुरू होते: रे-सा-रे-सा. हे बाखने स्वतः लिहून ठेवलंय. थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान याच्यासाठी १७२० मध्ये सुरू केलेल्या वहीत अलंकारांचं एक कोष्टक आहे. वर चिन्ह, खाली ते कसं वाजवायचं ते सुटे सूर. मिळवून समोर ठेवावं असं ते एक पान आहे.

दोन्ही ठिकाणी अलंकार ठोक्यावर सुरू होतो, ठोक्याच्या आधी नाही. डाव्या हाताचा सूर अलंकाराच्या पहिल्या सुराबरोबर पडला पाहिजे. सराव: आधी अलंकार काढून टाकून चार बार पक्के करा. मग मेट्रोनोम ६० वर, एका ठोक्याचे चार भाग: पहिल्यात सा, दुसऱ्यात नी, तिसऱ्या-चौथ्यात सा धरून. उजव्या हाताची बोटं ३-२-३. वेग त्यानंतर. नागमोडी रेघेच्या वर-खाली बारीक शार्प किंवा फ्लॅट असेल तर तो मुख्य सुराला नाही, बाजूच्या सुराला.

चौघडा:
म्हणजे आपला खटकाच की. आणि सुराआधी बारीक अक्षरात लिहितात तो कण.

स्वल्पविराम:
जवळपास. बारीक सुराच्या काडीला तिरका छेद असेल तर तो कणासारखाच, निसटता. छेद नसेल तर, विशेषतः अठराव्या शतकातल्या रचनांत, तो चांगला लांब वाजतो: मुख्य सुराची बहुधा निम्मी लांबी तो घेतो. बारीक छापलाय म्हणून बारीकच वाजवायचा असं नाही.

लाकडी_हातोडी:
जुन्या स्कॅनवरून वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट. धुळीचा ठिपका स्टॅकाटोसारखा दिसतो आणि खरं टिंब पुसलं जातं. शंका आली की तोच तुकडा पुढे पुन्हा आलाय का बघा. आला असेल तर दोन्ही जागा पडताळा. कंसातली, तुटक रेघेची किंवा लहान अक्षरातली चिन्हं बहुतेक वेळा संपादकाने घातलेली असतात, रचनाकाराची नव्हेत. तीच रचना म्युझस्कोर या नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये मिळाली तर चिन्हावर क्लिक करा, खालच्या पट्टीत त्याचं नाव दिसतं. नाव कळलं की शोधता येतं.

आणि प्रत्येक चांदणी पेडलची नसते. शूमानच्या १८४८ सालच्या मुलांसाठीच्या संग्रहात (ओपस ६८) तीन तुकड्यांना नावच नाही, शीर्षकाच्या जागी तीन चांदण्या आहेत. पुन्हा काळीचार यांचाच मुद्दा: जागा बघा.

नवी_पट्टी:
सगळ्यांचे मनापासून आभार. सहा सुटले. सातवा, तो कंस, अजून तसाच आहे. जागेच्या नियमाने पाहिलं: डावीकडे आहे, म्हणजे पट्टी किंवा सुरुवात. त्यापुढे कळत नाही.

काळीचार:
बरोबर चालला आहात. कॉर्डच्या डावीकडे उभी नागमोडी रेघ असते ती अर्पेजिओ: खालून वर एकेक सूर उलगडत जायचा. ती दोन्ही स्टाफमधून अखंड गेली असेल तर डाव्या हाताच्या खालच्या सुरापासून उजव्याच्या वरच्या सुरापर्यंत एकच रांग. मधे तुटली असेल तर दोन्ही हात एकाच वेळी आपापली कॉर्ड उलगडतात. सरळ कंस याच्या उलट: सूर न उलगडता एकदम वाजवा.

मांडवीकाठ:
दुसरा अर्थही आहे. दोन स्टाफवर पसरलेला कंस पुष्कळदा ‘हे सूर एकाच हाताने घ्या’ असं सांगतो. नवी_पट्टी, दोन गोष्टी सांगा. आसपास नागमोडी अर्पेजिओ आहेत का? आणि कंसातले सूर एका पंजात बसतात का?

नवी_पट्टी:
अर्पेजिओ पानभर कुठेच नाही. कंसात तीन सूर: खालच्या स्टाफवर ई आणि बी, वरच्या स्टाफवर त्यालगतचा ई. उजव्या हाताची चाल त्याच वेळी खूप वर चालू आहे. कंसाशेजारी बारीक ‘एम’ आणि ‘एस’ ही अक्षरं आहेत, ती आत्ता दिसली.

मांडवीकाठ:
मग निकाल लागला. ‘एम-एस’ म्हणजे मानो सिनिस्त्रा, डावा हात. फ्रेंच छपाईत त्याच जागी ‘एम-जी’ असतं. उजव्यासाठी इटालियन आणि फ्रेंच दोन्हींत ‘एम-डी’. ई ते ई एक सप्तक, पंजात बसतं. तिन्ही सूर डाव्याने, बोटं ५-२-१. वरच्या स्टाफवर छापला म्हणून तो ई उजव्याचा होत नाही.

नवी_पट्टी:
वाजवून पाहिलं. उजवा हात मोकळा झाला आणि वरची चाल तुटायची थांबली. त्याच कॉर्डच्या पुढच्या बारमध्ये सर्वांत खालच्या एकट्या सुराखाली ८ आहे. हे बोट नक्की नाही!

तिस्रजाती:
नाही. सुराखाली नुसता ८ असेल आणि पुढे तुटक रेघ नसेल, तर बहुतेक वेळा तो सूर आणि त्याच्या खालच्या सप्तकातला जोडीदार, दोन्ही एकत्र वाजवायचे. ८ पुढे तुटक रेघ असेल तर रेघेच्या वरचं सगळं सप्तकभर खाली सरकवून, जोडीदाराशिवाय. रेघ आहे का बघा.

नवी_पट्टी:
रेघ नाही. जोडी वाजवतो.